स्टार्टरचा वारस: गाडीवरच्या विंचचा इतिहास

फोर बाय फोर गाडीसाठी विंच घ्यायला निघालेला माणूस बहुधा एकाच आकड्याकडे पाहतो. खोक्यावर ८०००, ९५०० किंवा १२००० असं छापलेलं असतं. तेवढे पौंड तो ओढणार. मग गाडीचं वजन काढायचं, दीडपट करायचं आणि जवळचा आकडा उचलायचा. हा दीडपटीचा नियम चुकीचा नाही, पण तो प्रश्नाच्या शेपटाला धरतो. गेल्या ऐंशी वर्षांत गाडीवरचा विंच जसा बदलत गेला ते पाहिलं तर लक्षात येतं, की ड्रम, गिअर आणि दोर यांच्यात मूलभूत फरक फारसा पडलेला नाही. बदलला तो ताकदीचा स्रोत. आधी ती थेट इंजिनातून यायची, पुढे बॅटरीतून येऊ लागली. या एका बदलानं विंचचा स्वभाव पालटला आणि वायरिंग हे जोडकाम न राहता विंचचाच अर्धा भाग झालं. आज ज्या चुका होतात त्यातल्या बहुतेक हा बदल ध्यानात न घेतल्यामुळे होतात.

सुरुवात दुसऱ्या महायुद्धातल्या गाड्यांपासून करू. अमेरिकी लष्कराच्या पाऊण टनी डॉज ट्रकचे डब्ल्यूसी-५१ आणि डब्ल्यूसी-५२ असे दोन प्रकार होते. दोहोंत महत्त्वाचा फरक एकच, ५२ च्या पुढच्या बंपरवर विंच होता. गिअरबॉक्सच्या बगलेतून पीटीओ (इंजिनाची ताकद बाहेरच्या अवजाराला देणारा जोड) काढून एक लांब शाफ्ट पुढे नेलेला आणि टोकाला वर्म गिअर. ट्रॅक्टरवर रोटाव्हेटर चालवणाऱ्याला ही रचना वेगळी समजावून सांगायला नको. ब्रिटनची लँड रोव्हर १९४८ साली अॅमस्टरडॅमच्या प्रदर्शनात दाखल झाली, तिच्यासाठी हेरफर्डच्या एरोपार्ट्स कंपनीचा कॅप्स्टन विंच मिळू लागला. तो आणखी सुटसुटीत होता. इंजिन हातानं फिरवायचा हँडल जिथे लावतात, त्या क्रँकशाफ्टच्या पुढच्या टोकाशीच तो जोडलेला. बंपरच्या मध्यावर एक उभं रुळासारखं डोकं हळूहळू फिरत राही; त्याला दोराचे तीन-चार वेढे द्यायचे आणि मोकळं टोक हातानं ताणून धरायचं. हात सैल सोडला की वेढे घसरत आणि ओढ थांबे. दोर विंचवर साठत नव्हता, त्यामुळे लांबीला मर्यादा नव्हती आणि पहिल्या फुटाला जेवढी ओढ तेवढीच शंभराव्या फुटाला.

त्या काळी विंचला वीज का लावली नाही, याचं उत्तर त्याच गाड्यांच्या आकड्यांत आहे. विलीज जीपचं इंजिन ६० अश्वशक्तीचं, म्हणजे सुमारे ४५ किलोवॅट. त्याच जीपची वीजयंत्रणा ६ व्होल्टची आणि डायनॅमो ४० अँपिअरचा, म्हणजे जेमतेम पाव किलोवॅट. क्रँकशाफ्टवर ४५ आणि तारेत पाव, अशी स्थिती असताना शहाणा इंजिनिअर ताकद कुठून घेईल हे उघड आहे. यांत्रिक विंचची खरी अडचण उलट होती: त्याच्यामागे गरजेपेक्षा फार मोठी ताकद उभी होती. गाडी झाडाच्या बुंध्याला अडकली तरी इंजिनाला त्याचा पत्ता लागत नसे. ते ओढतच राही, दोर तुटेपर्यंत किंवा गिअरचं कवच फुटेपर्यंत. म्हणून शाफ्टच्या जोडात मुद्दाम मऊ धातूची शिअर पिन घालत. भार मर्यादेबाहेर गेला की आधी ती कापली जाई. म्हणूनच, पिना पुन्हा पुन्हा तुटतात याला कंटाळून तिथे कडक पोलादी बोल्ट ठोकणारा चालक स्वतःच्या जिवाशी खेळत असे. यांत्रिक विंचच्या जगात बेताल ताकदीला वेसण घालणं हे काम होतं. विजेच्या विंचचं दुखणं याच्या नेमकं उलटं निघालं.

विजेच्या विंचचा पूर्वज पीटीओ नव्हे, स्टार्टर मोटर आहे. चार्ल्स केटरिंगनं १९१२ च्या कॅडिलॅकसाठी सेल्फ-स्टार्टर बनवला, तेव्हा बहुतेक जाणकारांचा आक्षेप असा होता, की इंजिन फिरवू शकेल अशी मोटर गाडीत मावणारच नाही. केटरिंगनं त्याआधी नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत गल्ल्याच्या यंत्राला विजेची मोटर बसवली होती. गल्ल्याचा खण उघडायला क्षणभराचा जोर पुरतो, दिवसभर फिरणारी मोटर तिथे लागत नाही. तोच हिशेब त्यानं इंजिनाला लावला. मोटर जर काही सेकंदच चालणार असेल तर तिच्यावर तिच्या आकारमानाच्या कितीतरी पट भार टाकता येतो. ती तापायला लागायच्या आत काम उरकलेलं असतं. पुढच्या सगळ्या कथेचं बीज या एका कल्पनेत आहे. आजच्या विंचची सीरिज-वाउंड मोटर त्याच घराण्यातली: भार जितका जास्त तितका जोर जास्त, करंट जास्त आणि तापणंही जास्त. गाडी हलायची थांबली आणि मोटर अडली, की तिन्ही गोष्टी टोकाला जातात.

केटरिंगनंतर विंचपर्यंत पोचायला जवळपास अर्धं शतक गेलं आणि मधला दुवाही स्टार्टरचाच आहे. १९५० च्या दशकात अमेरिकी मोटारींत उच्च कॉम्प्रेशनची मोठी व्ही-८ इंजिनं आली. ६ व्होल्टच्या स्टार्टरला ती, विशेषतः थंडीत, फिरवणं जड जाऊ लागलं. म्हणून १९५३ ते १९५६ च्या दरम्यान तिथले मोठे कारखाने एकापाठोपाठ १२ व्होल्टवर आले. तेवढ्याच ताकदीसाठी करंट निम्म्यावर आला. आणि तारेत वाया जाणारी उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात असल्यामुळे ती त्याच तारेत पावपट झाली. दुसरीकडे युद्धातून उरलेल्या जीपा स्वस्तात मिळत होत्या आणि त्या घेऊन डोंगरात भटकणाऱ्यांचा एक नवा वर्ग तयार झाला होता. कॅलिफोर्नियातल्या रुबिकॉनच्या वाटेवर जीपर्स जॅम्बोरी १९५३ मध्ये सुरू झाली. याच जीपांसाठी पुढच्या चाकांचे लॉकिंग हब बनवायला आर्थर वॉर्न यांनी १९४८ मध्ये वॉशिंग्टन राज्यात सुरुवात केली होती. त्यांच्याच कंपनीच्या सांगण्यानुसार तिचा पहिला विद्युत रिकव्हरी विंच १९५९ चा. या तारखा शेजारी ठेवल्या की योगायोग म्हणून सोडून देता येत नाहीत. मोटर, ड्रम आणि गिअर ही सगळी सामग्री कधीपासून उपलब्ध होती. अडून बसलेली होती ती तार.

यावर एक सरळ आक्षेप येतो. लँड रोव्हर तर जन्मापासून १२ व्होल्टची होती. व्होल्टेजच अडसर होता, तर तिच्यावर १९४८ मध्येच विजेचा विंच का बसला नाही? आक्षेप रास्त आहे, आणि त्यामुळे युक्तिवाद थोडा नेमका करावा लागतो. १२ व्होल्ट ही गरज होती, पुरेसं कारण नव्हे. लँड रोव्हर शेतकऱ्यासाठी बनली होती. तिच्या मागच्या पीटीओवर करवत आणि मळणीयंत्रं चालायची, आणि विंच हे त्याच पंक्तीतलं एक अवजार होतं. ओंडके ओढणं, खुंट उपटणं ही तासन्‌तास चालणारी कामं. केटरिंगचा नियम इथे उलटा लागू होतो: ज्या मोटरला दिवसभर ओढायचं आहे ती लहान असून चालत नाही. अमेरिकेत विंच घेणारा गडी वेगळा होता. त्याची जीप शनिवारी एकदा फसणार, दहा मिनिटांत निघणार आणि पुढे आठवडाभर विंच नुसता बंपरवर बसून राहणार. काम मिनिटांत मोजण्याइतकं लहान झालं तेव्हाच विजेची मोटर पुरेशी ठरली. वापरही बदलला आणि व्होल्टेजही, तेव्हा विंच बदलला.

या नव्या जातीचा सर्वांत टिकाऊ नमुना म्हणजे वॉर्नचा १९७४ पासूनचा एम ८२७४. मोटर ड्रमच्या वर चढवलेली, त्यामुळे तो बंपरवर चटकन ओळखू येतो. पण त्याचा इतिहास वाचायचा तर मोटरपेक्षा शेजारची नियंत्रणाची पेटी उघडावी. आत एका ओळीत चार सोलेनॉइड. स्टार्टरला करंट सोडायला वापरतात त्याच धाटणीचे: आत एक लहान गुंडाळी, ती भारली की तांब्याची चकती दोन जाड बोल्टांवर आपटते आणि शेकडो अँपिअरची वाट मोकळी होते. चार कशाला? स्टार्टर एकाच दिशेनं फिरतो, विंचला दोर सोडायचाही असतो आणि गुंडाळायचाही. सीरिज मोटर उलटी फिरवायची तर बॅटरीच्या तारांची अदलाबदल करून भागत नाही. आर्मेचर (मोटरचा फिरणारा भाग) आणि फील्ड (त्याभोवतीची स्थिर गुंडाळी) दोन्ही एकदम उलटतात आणि मोटर पुन्हा त्याच दिशेनं फिरते. फक्त फील्डची दिशा बदलावी लागते. म्हणून दोन सोलेनॉइड आत ओढण्याचे, दोन बाहेर सोडण्याचे. विंच वायर करताना ज्या एफ-१, एफ-२ आणि ए या खुणा दिसतात, त्यामागचं कारण हेच. त्यांतली एक जागा चुकली तर दिशा उलटते किंवा थेट शॉर्ट होतो. आजच्या विंचमध्ये चारांऐवजी एकच सीलबंद कॉन्टॅक्टर असतो, पण काम तेच.

आता आकडे मांडू. ८००० पौंडांचा, म्हणजे सुमारे ३६३० किलोंचा विंच पूर्ण भारावर मिनिटाला अडीच मीटरच्या आतच दोर ओढतो. ओढ आणि वेग यांचा गुणाकार केला तर दोरावर मिळणारी ताकद १४०० वॅटच्या आसपास भरते. त्यासाठी मोटर १२ व्होल्टवर सव्वाचारशे-साडेचारशे अँपिअर घेते, म्हणजे पाच किलोवॅटहून जास्त. जवळपास तीन चतुर्थांश वीज मोटर, गिअर आणि तारा तापवण्यात जाते. गाडीचा अल्टरनेटर साठ-नव्वद अँपिअरचा असेल तर उरलेला सगळा भार बॅटरीवर. टँकरनं भरलेली टाकी बादल्यांनी उपसायची आणि नळाला करंगळीएवढी धार, असा तो मामला. ७० अँपिअर-तासांची बॅटरी कागदावर दहा मिनिटं पुरते. एवढ्या मोठ्या उपशात प्रत्यक्षात त्याच्या निम्मीही मिळत नाही. गाडी मात्र वीस मीटर ओढायची असेल तर पूर्ण भारावर आठ मिनिटांहून जास्त लागतील. नशिबानं पूर्ण भार क्वचितच सलग राहतो. तरी पोटापर्यंत रुतलेल्या गाडीला थोडं ओढून थांबायचं, मोटरला हात लावून पाहायचं, इंजिन किंचित चढं ठेवायचं, ही पद्धत जुन्या जाणत्यांची लहर नाही. यंत्राचा तो मूळ स्वभाव आहे.

वायरिंगचं महत्त्व इथे उघड होतं. बॅटरीपासून विंचपर्यंत जाऊन-येऊन चार मीटर तांबं धरलं आणि केबल ३५ चौरस मिलिमीटरची असली, तर ४०० अँपिअरला सुमारे ०.८ व्होल्ट तारेतच पडतात. स्वस्तात मिळाली म्हणून १६ चौरस मिलिमीटरची ओढली, तर १.७ व्होल्ट पडतात आणि सातशे वॅटच्या जवळपास उष्णता केबलमध्येच जाते, शेगडीच्या छोट्या कॉइलइतकी. बॅटरी स्वतः भाराखाली दहा-अकरा व्होल्टवर आलेली असतेच. उरलेल्या आठ-नऊ व्होल्टवर मोटर संथ फिरते, तेच काम जास्त वेळ चालतं आणि ती जास्त तापते. सोलेनॉइडची लहान गुंडाळीही याच विजेवर जगते. व्होल्टेज पडलं की तिची पकड ढिली होते, चकती थडथडते, ठिणग्या उडतात, आणि कधी ती बोल्टांना वितळून चिकटते. मग रिमोटचं बटण सोडलं तरी विंच थांबत नाही. बॅटरीच्या जवळ, हाताला येईल अशा जागी जाड आयसोलेटर स्विच लावायचा तो या एका प्रसंगासाठी. अर्थची केबलही बॅटरीच्या निगेटिव्हपासून थेट विंचच्या मोटरवर आणायची. बंपरला किंवा रंगवलेल्या चासीला अर्थ दिला की बरंच व्होल्टेज रंगाच्या थरातच अडकतं. केबलच्या टोकांची थिंबलं हातोडीनं चेपलेली नसावीत, दाबयंत्रानं घट्ट बसवलेली असावीत, कारण चारशे अँपिअरला ढिला जोड म्हणजे जळणारा जोड.

फ्यूजचा मुद्दा वेगळा काढावा लागतो, कारण तिथे दोन्ही बाजूंनी रास्त बोललं जातं. बरेच बनवणारे विंचच्या मुख्य केबलला फ्यूज देत नाहीत. मोटर अडल्यावर करंट इतका चढतो, की त्या मर्यादेचा फ्यूज शॉर्टच्या वेळी उशिरा उडेल. आणि कमी मर्यादेचा घातला तर ऐन चढावर, गाडी दोरावर लटकलेली असताना, तो उडेल. विरुद्ध बाजू म्हणते, की अपघातात बंपर चेमटला आणि केबल चासीला घासली तर फ्यूज नसलेली बॅटरी म्हणजे वेल्डिंग मशीन. दोघंही खरे आहेत, पण ते दोन वेगळ्या वेळांबद्दल बोलत आहेत: एक विंच चालू असतानाच्या, दुसरा नुसतं रस्त्यावर असतानाच्या. आयसोलेटर दोन्हींचं समाधान करतो, मात्र अट अशी, की विंच वापरात नसताना तो बंदच ठेवायचा. शिअर पिनेची जागा आता एका सवयीनं घेतली आहे.

खोक्यावरचा आकडाही या प्रकाशात वेगळा वाचावा लागतो. तो ड्रमवरच्या पहिल्या थराचा असतो, म्हणजे जवळजवळ सगळा दोर बाहेर असतानाचा. थर वाढतात तशी ड्रमची त्रिज्या वाढते, आणि चौथ्या थरावर ओढ दोन तृतीयांशाच्या घरात येते. कॅप्स्टनला ही व्याधी नव्हती. जवळचंच झाड गाठून विंच लावणारा आपल्या ८००० पौंडांतले अडीच हजार तिथेच सोडून देतो. स्नॅच ब्लॉक, म्हणजे दोर वळवून आणणारी कप्पी, लावला की दोर दुहेरी होतो, जास्त उलगडतो आणि भार निम्मा होतो; वेग निम्मा झाला तरी मोटरला आणि बॅटरीला सुसह्य होतं. म्हणून १२००० पौंडांचा विंच आणि पुरातन बॅटरी यापेक्षा ९५०० पौंडांचा विंच, दणकट केबल आणि एक चांगला ब्लॉक हा सौदा बहुधा शहाणपणाचा ठरतो. दोराचंही तसंच. १८३४ मध्ये हार्झच्या खाणींसाठी विल्हेल्म आल्बर्टनं बनवलेला तारेचा दोर आजही घासायला चिवट आहे. पण ताणाखाली तो बरीच ऊर्जा साठवतो आणि तुटला की चाबकासारखा परततो. पॉलिथिलीनचा सिंथेटिक दोर हलका आणि तुलनेनं सुरक्षित, मात्र दीडशे अंशांच्या आसपास तो वितळतो. बऱ्याच प्लॅनेटरी गिअरच्या विंचमध्ये ब्रेक ड्रमच्या आतच असतो, आणि ताणाखाली दोर सोडताना तो ड्रम चांगलाच तापवतो. ८२७४ चा ब्रेक ड्रमबाहेर होता, म्हणून तो सिंथेटिक दोराच्या जमान्यातही टिकला.

दुसरा आक्षेप जुन्या विंचच्या चाहत्यांचा: मग इंजिनावरचा विंच सोडला कशाला? तो थकत नव्हता, तापत नव्हता, बॅटरी खात नव्हता. हे सगळं मान्य. पण इंजिन बंद पडलं, किंवा गाडी एवढी कलंडली की ते चालवणं धोक्याचं, तर तो विंच निर्जीव. चालकाला क्लचवर बसून राहावं लागे आणि दोराकडे पाहायला दुसरा माणूस लागे. बाजूला सुरक्षित अंतरावर उभं राहून बटण दाबण्याची सोय विजेनंच दिली. शिवाय आजच्या बहुतेक ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या गाड्यांत पीटीओ काढायला जागाच नसते. स्टिअरिंगच्या पंपावर चालणारा हायड्रॉलिक विंच हा मधला मार्ग अमेरिकी लष्करानं हमव्हीवर वापरला. तो तापत नाही, पण इंजिन बंद तर तोही बंद, आणि विजेवरच्या स्टिअरिंगच्या गाड्यांत तो पंपही उरलेला नाही. इतिहासानं विजेचा पक्ष निवडला तो ताकदीसाठी नाही, सोयीसाठी. त्या सोयीची किंमत केबलच्या जाडीत मोजावी लागते.

तिसरा आक्षेप आजचा आहे: दीडशे-दोनशे अँपिअरचे अल्टरनेटर आणि लिथियम बॅटऱ्या आल्यावर ही काळजी शिळी झाली. अंशतः खरं. पण स्पर्धेतली मंडळी काय करतात ते पाहा. मलेशियात १९९७ पासून होणाऱ्या रेनफॉरेस्ट चॅलेंजची भारतीय फेरी २०१४ मध्ये गोव्यात सुरू झाली. ऐन पावसाळ्यात, जांभ्याच्या लाल चिखलात. अशा शर्यतींत गाडी दिवसाकाठी कितीतरी वेळा विंचवर चढते, म्हणजे काम पुन्हा तासांकडे सरकतं. तिथले स्पर्धक जोड-मोटरी लावतात, दोन बॅटऱ्या जोडतात आणि कित्येक जण विंच २४ व्होल्टवर नेतात. जास्त ताकद हवी तर मोठा ड्रम नव्हे, वरचं व्होल्टेज. १९५० च्या दशकात जे झालं तेच पुन्हा घडतं आहे.

मराठी मुलुखाचा या गाड्यांशी संबंध जुना आहे. महिंद्रांनी विलीज जीपची जुळणी मुंबईत माझगावला १९४९ मध्ये सुरू केली, आणि सह्याद्रीतल्या कच्च्या वाटांवर त्यांच्या पिढ्या राबल्या. आज ज्यांना त्या घाटात विंच हवा आहे त्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयानं मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा आधार घेऊन क्रॅश गार्ड आणि बुल बारवर कारवाई करायला राज्यांना सांगितलं. लोखंडी बंपर लावून वर विंच बसवणाऱ्याला हे लागू पडू शकतं, एअरबॅगच्या सेन्सरचा प्रश्न वेगळाच. आतल्या चासीला बोल्टनं बसणारी, मूळ बंपरमागे लपणारी विंच प्लेट हा त्यातला सोज्वळ पर्याय.

तेव्हा विंच निवडायचा क्रम दुकानातल्या क्रमाच्या उलट असावा. आधी गाडी वर्षात किती वेळा आणि किती मिनिटं फसणार याचा प्रामाणिक अंदाज. मग बॅटरी आणि अल्टरनेटर तेवढा उपसा झेलतील का याचा हिशेब. मग केबल, थिंबलं, अर्थ आणि आयसोलेटर. मग दोर आणि स्नॅच ब्लॉक. पौंडांचा आकडा सर्वांत शेवटी, आणि तोही पहिल्या थराचा आहे हे लक्षात ठेवून. बजेट तोकडं असेल तर कात्री त्या आकड्याला लावावी, तांब्याला नाही.